तारीख उलटलेलं खाणं : खायचं, टाकायचं की मावशींना द्यायचं?

रानजाई
दिवाळीची आवराआवर सुरू झाली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. "ओट्स, सूपची पाकिटं, बिस्किटं, बाळाचं सीरियल. तारीख गेल्या महिन्यात संपली आहे, पण पाकिटं फोडलेली नाहीत. वॉचमनकाकांना, कामाच्या मावशींना देता येतील." खाली अंगठ्यांची रांग लागते. यंदा मी विचारलं, एवढं चांगलं आहे तर घरातच का संपवत नाही? झालं, दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं, तारीख ही कंपन्यांची माल खपवायची युक्ती. दुसऱ्या गटाच्या मते तारीख गेली की विषच.

मला दोन्ही पटत नाही. तारीख गेल्यावर नेमकं काय बिघडतं? घरात शिजवलेलं शिळं किती वेळ चालतं? आणि जे आपल्या ताटात नको ते दुसऱ्याच्या हातावर ठेवावं का? या शेवटच्या प्रश्नावर माझं उत्तर पक्कं आहे, ठेवू नये. पण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट माहीत असतील तर तिसऱ्याची वेळ फारशी येणार नाही असं वाटतं. इथे फूड टेक्नॉलॉजीवाले, दुकानदार, डॉक्टर सगळे आहेत. लिहा.

कडबोळी
आमच्या लहानपणी तारीख छापलेलं घरात काही यायचंच नाही. पीठ गिरणीतून, तेल घाण्यावरून, मसाला घरचा. पीठ जिभेवर ठेवून बघायचं, खवट लागलं तर बाद. डाळीत पोरकिडे झाले तर उन्हात घालायची, पाखडायची, पुन्हा डब्यात. वरणाला तार सुटली की टाकायचं. आईचं नाक सांगेल ते खरं. मी आजही तेच करते आणि घरात सगळे धडधाकट आहेत.

पाटवडी
+१. आमच्या आजेसासूबाई पातेल्याचं झाकण न उघडता सांगायच्या, "आमटी उतरलीय."

टिपूर
खाद्यपदार्थांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाकिटावर दोन वेगवेगळ्या गोष्टी छापलेल्या असू शकतात. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेपर्यंत चव, कुरकुरीतपणा, वास आम्ही सांगितला तसा राहील. त्यानंतर पदार्थ मऊ पडेल, वास उतरेल, पण तेवढ्यानं तो घातक होत नाही. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' म्हणजे त्यानंतर सुरक्षिततेची खात्री नाही, आणि असा माल विकायला कायद्यानं बंदी आहे. पूर्वी आपल्याकडे बहुतेक पाकिटांवर नुसतं 'बेस्ट बिफोर' असायचं. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या लेबलिंग नियमांत एक्स्पायरी किंवा यूज बाय सक्तीची झाली आणि बेस्ट बिफोर ऐच्छिक.

याचा एक परिणाम मला खटकतो. आता बिस्किटावरही एक्स्पायरी आणि पनीरवरही एक्स्पायरी. ग्राहकाला दोन्ही सारखीच दिसतात, पण धोका सारखा नसतो. बिस्किटात, पापडात, डाळीत जिवाणूंना वापरता येईल असं मोकळं पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे ते वाढत नाहीत. तिथे बिघडते ती चरबी, म्हणजे पदार्थ खवट होतो. पनीर, ताजं क्रीम, कापलेलं मांस, पिशवीतलं दूध यांत पाणीही असतं आणि प्रथिनंही. तिथे तारीख पाळायचीच, आणि ती तारीखसुद्धा पदार्थ सतत थंड राहिला असेल तरच खरी. दुकानदारानं रात्री फ्रीज बंद ठेवला असेल तर छापलेल्या तारखेच्या आधीच माल बिघडतो.

म्हणजे "युक्ती आहे" हेही चूक आणि "तारीख गेली की विष" हेही चूक. पदार्थ कोणता ते आधी बघा.

अण्णा_किराणा
टिपूर यांनी शेवटी लिहिलं ते दुकानदार म्हणून मान्य. उन्हाळ्यात आमच्याकडे लाईट जाते, आईस्क्रीम विरघळतं आणि पुन्हा गोठतं. गिऱ्हाईकानं डबा हलवून बघावा, वर बर्फाचे खडे दिसले तर घेऊ नये.

आता एक्स्पायरी मालाचं. मोठ्या कंपन्यांचा सेल्समन येतो, तारीख गेलेला माल रिटर्नमध्ये लावतो, क्रेडिट नोट मिळते. छोट्या कंपन्या माल परत घेत नाहीत. मग दुकानात पोत्यात भरून ठेवायचा आणि पोतं भरलं की नष्ट करायचा. मी पाकिटं फोडून, पाणी ओतून टाकतो. फोडल्याशिवाय टाकायचं नाही, कारण कचऱ्यातून उचलून, थिनरनं तारीख पुसून, नवा शिक्का मारून तोच माल आठवडी बाजारात येतो. अशा टोळ्या पकडल्याच्या बातम्या येत असतात. मला स्वतःला एक माणूस किलोच्या भावानं विचारायला आला होता. हाकलून दिला.

२०२४ च्या डिसेंबरात एफएसएसएआयनं कंपन्यांना सांगितलं की नाकारलेल्या आणि मुदत संपलेल्या मालाचं काय केलं, नष्ट केला की लिलावात काढला, घेणारा कोण, याचा हिशोब दर तिमाहीला द्या. हे फार आधी व्हायला हवं होतं.

नीलांबरी_डॉ
@कडबोळी, @पाटवडी, नाकाचा आदर आहे, पण नाकाला मर्यादा आहेत. ज्या जिवाणूंमुळे अन्न आंबतं, त्याला तार सुटते, ते बहुतेक वेळा आजार करणारे जिवाणू नसतात. आजार करणारे पुष्कळदा वास, रंग, चव काहीच बदलत नाहीत.

सगळ्यात जास्त गैरसमज भाताबद्दल आहे. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. भात शिजवल्यानं ते मरत नाहीत. भात ओट्यावर पातेल्यात तसाच राहिला की कोमट ओलाव्यात ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. त्या विषावर उष्णतेचा परिणाम होत नाही. दुसऱ्या दिवशी खणखणीत फोडणी दिली तरी जिवाणू मरतील, विष तिथेच राहील. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांत उलट्या सुरू. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचंही तसंच, तो हातावरच्या जखमेतून, नाकातून खव्याच्या मिठाईत, क्रीममध्ये जातो आणि त्याचं विषही उकळून जात नाही.

म्हणून "नीट गरम केलं की सगळं मरतं" हे वाक्य डोक्यातून काढून टाका.

कडबोळी
डॉक्टर, फोडणीचा भात बंद करायचा म्हणजे महाराष्ट्र बंद करण्यासारखं आहे. शतकानुशतकं रात्रीचा भात सकाळी खाल्ला गेलाय. तेव्हा फ्रीज कुठे होते?

नीलांबरी_डॉ
बंद करायला कोण सांगतंय! मीही खाते. रात्री जेवणं झाली की उरलेला भात लगेच परातीत पसरा, वाफ जाऊ द्या, तास-दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये. सकाळी सगळा भात वाफ येईपर्यंत परता आणि एकदाच. पुन्हा उरला तर पुन्हा ठेवायचा नाही. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे अन्न जितका कमी वेळ राहील तितकं बरं, बाकी सगळे नियम त्यातून निघतात.

पूर्वी काय व्हायचं? एक तर भात मोजका टाकायचे आणि उरलाच तर बऱ्याच घरांत दही-ताक कालवून ठेवायचे. आंबटपणात या जिवाणूंना वाढणं जड जातं. शिळी भाकरी वरून कोरडी असते, म्हणून तीही टिकते. आणि उलट्या-जुलाब व्हायचेच हो, फक्त "बाधलं" म्हणून सोडून द्यायचे. लहान मुलं दगावायची, त्याची नोंद कोण ठेवत होतं?

कडबोळी
हे मान्य. माझ्या मावशीची दोन मुलं अशीच गेली असं आई सांगायची. परातीत पसरायची सवय लावते.

सोनकी
बुलढाण्याची आहे, म्हणून भगरीबद्दल लिहायलाच हवं. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यात सोमठाण्याला सप्ताहात एकादशीची भगर-आमटी खाऊन शेकडो लोकांना विषबाधा झाली. दवाखान्यात जागा पुरली नाही, रस्त्याकडेला झाडांना दोऱ्या बांधून सलाइन लावल्या होत्या. ते फोटो सगळ्यांनी पाहिले असतील.

नवरात्र, श्रावण, महाशिवरात्र आली की आमच्या भागात अशा बातम्या येतातच. अन्न व औषध प्रशासन दरवेळी सांगतं की भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि विषारी द्रव्यं तयार करते. पावसाळ्याच्या शेवटी हवेत ओल असते, तेव्हा जास्त. सुटी भगर घेऊ नका, पाकीटबंद घ्या, पॅकिंगची आणि मुदतीची तारीख बघा, भगरीचं पीठ ओल लवकर धरतं म्हणून ते दळून साठवू नका. पण उपासाच्या आदल्या दिवशी दुकानात गर्दी असते आणि गेल्या वर्षीचं पोतंच सुटं विकलं जातं. ज्यांना पाकीट परवडत नाही तेच सुटं घेतात आणि तेच सलाइनवर जातात. याचा मला संताप येतो.

टिपूर
@सोनकी, फार महत्त्वाचं लिहिलंत. बुरशीबद्दल एक जोडतो. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी भागात अवकाळी पावसानं भिजलेला मका खाऊन १०६ माणसं गेली. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष त्याला कारण होतं, ते यकृतावर घाला घालतं. लोकांना मका खराब झालाय हे दिसत नव्हतं असं नाही, घरात दुसरं धान्य नव्हतं.

हेच विष शेंगदाण्यात असतं. काळपट, सुरकुतलेला, बुरशी धरलेला दाणा निवडून टाका, भाजून ते विष पूर्ण जात नाही. कूट करायच्या आधी दाणे ताटात पसरून बघा. पावावर एका कोपऱ्यात बुरशी दिसली तर तेवढाच तुकडा काढून भागत नाही, तिचे धागे आत पसरलेले असतात. अख्खा पाव टाका.

मिरजेचा_पोऱ्या
घरोघरी आईस्क्रीमच्या डब्यात आईस्क्रीम सोडून सगळं असतं, त्याची एक्स्पायरी कशी ओळखायची? आमच्या फ्रीजरमधल्या डब्यात वाटलेला नारळ आहे की इडलीचं पीठ, हे आईलाही उघडल्यावरच कळतं.

पाटवडी
@मिरजेचा_पोऱ्या, कागदी चिकटपट्टी आणि पेन. डब्यावर नाव आणि तारीख. फ्रीजर जिवाणूंना मारत नाही, नुसता झोपवतो. डबा बाहेर काढला की ते उठतात.

नदीकाठ
जर्मनीतल्या म्युनिकहून. इथल्या पाकिटांवरही दोन वेगळ्या तारखा असतात. साध्या मुदतीची तारीख गेलेलं दही, पास्ता इथले लोक उघडून, बघून, वास घेऊन खातात आणि दुकानंही मुदत जवळ आली की किंमत उतरवून विकतात. खिमा आणि कच्चं चिकन यांवर मात्र वेगळी, कडक तारीख असते. ती गेली की विकता येत नाही.

दुकानांच्या मागच्या कचरापेट्यांतून चांगलं अन्न उचलणारी तरुण मंडळी इथे पुष्कळ आहेत. आमच्याच बव्हेरिया राज्यात दोन विद्यार्थिनींना त्याबद्दल चोरीचा गुन्हा लागला आणि २०२० मध्ये घटना न्यायालयानंही त्यांची याचिका फेटाळली. माल टाकला असला तरी तो दुकानाच्याच मालकीचा, असा निकाल. फ्रान्सनं उलटी वाट धरली. तिथे २०१६ च्या कायद्यानं मोठ्या दुकानांना न विकलेलं खाण्याजोगं अन्न नष्ट करायला बंदी केली, संस्थांना द्यायचं. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला त्याच वर्षी तारीख उलटलेला माल स्वस्तात विकणारं दुकानच निघालं. कुणीही जावं, तारीख बघून, परवडेल ते घ्यावं. रानजाई यांच्या तिसऱ्या प्रश्नाला मला हे उत्तर आवडतं. तारीख लपवलेली नसते आणि घेणारा निवड करतो.

अण्णा_किराणा
आपल्याकडे असं दुकान काढलं तर पहिल्या आठवड्यात इन्स्पेक्टर येईल. एक्स्पायरी गेलेलं विकणं हा गुन्हा आहे. पण मुदत संपायच्या महिनाभर आधी निम्म्या किमतीत वेगळ्या फळीवर लावायला कुणाची बंदी नाही. मी पाटी लावून विकतो, "मुदत या महिनाअखेर". सगळा माल जातो, वाया काही जात नाही.

पंगत
लग्नकार्याचं उरलेलं अन्न गोळा करून वाटणाऱ्या गटात आहे. लोक अत्यंत चांगल्या मनानं फोन करतात, पण चुकीच्या वेळी. दुपारी बाराला शिजलेला मसालेभात, पंगती तीनला उठल्या, वधूची पाठवणी झाली, आवरताना साडेसहाला आठवतं, "अरे, एवढं उरलंय, कुणालातरी द्या." मोठ्या पातेल्याचा मधला भाग तासन्तास कोमट असतो. वरण, मटण, खिचडी यांत क्लॉस्ट्रिडियम जिवाणूच्या एका जातीला हवं तेच मिळतं. आम्ही अशा वेळी नाही म्हणतो आणि शिव्या खातो. "गरिबांना कसले नखरे" हे वाक्य एका यजमानानं तोंडावर ऐकवलं आहे.

आमचे नियम साधे आहेत. फोन जेवणं सुरू असतानाच करा. न वाढलेलं, पातेल्यातलंच घेतो, ताटातलं कधीच नाही. कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, दह्याची कढी, बासुंदी घेत नाही. पोळ्या, पुऱ्या, सुकी भाजी, बुंदी आनंदानं घेतो. गरम असेल ते गरमच पोचवतो. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ चे एफएसएसएआयचे वेगळे नियमच आहेत, नोंदणी, तापमान, नोंदी सगळं त्यात येतं. कार्यालयवाल्यांनी ते वाचावेत ही कळकळीची विनंती.

उंबरठा
बरेच दिवस इथे नुसती वाचत होते. हा धागा वाचून पहिल्यांदा लिहिते.

माझी आई पुण्यात धुणीभांडी करायची. पिशव्या घरी यायच्या. काही बायका ताजं करून डबा भरून द्यायच्या, त्यांची नावं आई आजही काढते. आणि काही घरांतून फ्रीज साफ झाला की पिशवी यायची. आंबलेली भाजी, तारीख गेलेली बिस्किटं, बुरशी खरवडलेला ब्रेड. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, तारीख तिला दिसायची नाही. मी तिसरीत असताना वाचायला शिकले तेव्हापासून पिशवी मी तपासायचे. नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं तर "मस्ती आली" असं ऐकावं लागायचं आणि पुढच्या महिन्यात काम जायचं. म्हणून ती हसून घ्यायची आणि पिशवी कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकायची. म्हणजे ज्यांना वाटायचं की आपण अन्न वाचवलं, त्यांचं अन्न कुंडीतच जात होतं, फक्त आईच्या हातानं.

आजारी पडलं तर आमचा खाडा धरला जायचा, औषधाचे पैसे वेगळे. तुम्ही एक दिवस ऑफिसमधून सुट्टी टाकता, आमचा त्या दिवसाचा पगार जायचा. त्यामुळे "पोट बिघडेल फार तर" हे ज्याच्या घरात पगारी रजा आहे त्यानंच म्हणावं.

द्यायचंच असेल तर तारीख असताना द्या. आणि सांगून द्या, "याची मुदत या महिन्यात आहे, हवं का?" घेणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे.

कडबोळी
@उंबरठा, लिहीत राहा. तुमच्या आईला नमस्कार सांगा.

सोनकी
उंबरठा, ते खाड्याचं वाक्य सोमठाण्यालाही तसंच लागू आहे. सलाइनवर झोपलेल्यांतले निम्मे शेतमजूर असतील.

रानजाई
धागा इतका पुढे जाईल असं वाटलं नव्हतं. उंबरठा यांचा प्रतिसाद, त्यांची परवानगी असेल तर, सोसायटीच्या ग्रुपवर टाकते.

नीलांबरी, मूळ मेसेजमधल्या बाळाच्या सीरियलचं राहिलं. ते बिस्किटासारखंच कोरडं आहे. तरी मला त्याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते, ते का ते सांगाल का?

उंबरठा
टाका, हरकत नाही. नाव नको.

नीलांबरी_डॉ
धास्ती योग्य आहे. बाळाचं सीरियल आणि दुधाची पावडर यांवरची तारीख पोषणाचीही हमी असते. तारीख उलटली की लेबलवर लिहिलेली जीवनसत्त्वं तेवढी उरतीलच असं नाही, आणि बाळाचं सगळं पोषण त्या एका डब्यावर चाललेलं असतं. शिवाय बाळाला एका दिवसाच्या जुलाबांनीही पाणी कमी पडू शकतं. तान्ही बाळं, गरोदर बाया, म्हातारी माणसं, केमोथेरपी चालू असलेले रुग्ण, यांच्यासाठी तारीख आणि शिळं या दोन्हींत सूट नाही. गरोदरपणात फ्रीजमधल्या जुन्या मऊ चीजपासूनही लांब राहा, लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो.

मिरजेचा_पोऱ्या
मग आमच्या कपाटातलं काय ठेवायचं ते एका दमात सांगा, आई यादी घेऊन बसलीय. मीठ, साखर, मध, तूप, पापड, हळद, मक्याच्या दाण्यांचा डबा, टेट्रापॅक दूध.

टिपूर
मीठ, साखर वर्षानुवर्षं. मधही, फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच मध द्यायचा नाही, ताजासुद्धा. तूप वास घेऊन, खवट नसेल तर चालेल, ओला चमचा कधी घातला नसेल तर. पापड तळून बघा. हळद वापरा, रंग-वास उतरला असेल इतकंच. टेट्रापॅकची तारीख गेली असेल किंवा खोका फुगला असेल तर ओतून टाका.

मक्याचा डबा हातात घ्या. झाकण फुगलंय, शिवणीवर पोचा आहे किंवा गंजून पाझरतोय, तर उघडूच नका, चाखून बघणं तर अजिबात नाही. हवाबंद डब्यात वाढणाऱ्या बोट्युलिनम जिवाणूचं विष अगदी थोडंही पुरतं. बाहेरून डबा ठणठणीत असेल आणि तारीख महिनाभर पुढे-मागे झाली असेल, तर तुमच्याच घरी, आजच, उकळून सूप करा.

अण्णा_किराणा
आणि टाकायचं असेल ते पाकीट फोडूनच टाका रे बाबांनो.